लिस्बनमधले पावणेदोन तास

२ नोव्हेंबर २०१०, मंगळवार

सिरीलला हार्टच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे म्हणे! पुढच्या मंगळवारी, सव्वादहाला. त्यांच्या ऑफिसातून फोन आला. मुलीचा आवाज, गोड. मिस्टर गोन्साल्व्ह्जना हेल्थ कार्ड आणायला सांगा, औषधांची यादी आणायला सांगा.

मी काय म्हणाले? "ओके. थँक यू. सांगते."

सांगते! कोणाला? आज ऑल सोल्स डे, मृतांच्या स्मरणाचा दिवस. तासाभरापूर्वीच त्याच्या कबरीवर मेणबत्ती लावून आले होते. वाऱ्याने तीनदा विझली. आज बरोबर दोन महिने झाले. २ सप्टेंबरला सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला ठेवायला गेला आणि ड्राइव्हवेमध्येच पडला. मी किचनच्या खिडकीतून पाहिलं, वाटलं काही वाकून उचलतोय.

सगळे म्हणाले, अचानक. मीही सगळ्यांना तेच सांगत आले. फादरना, शेजाऱ्यांना, वसईला नणंदेला. काही त्रास नव्हता हो त्याला! अचानक.

मग हार्टचा डॉक्टर कशाला?


३ नोव्हेंबर, बुधवार

परत फोन केला. मी त्याची बायको, एवढंच म्हटलं. अपॉइंटमेंट मागितली कधी? मुलगी जरा घुटमळली. मग म्हणाली, फॅमिली डॉक्टरांचं पत्र १६ जूनचं आहे.

१६ जून! लिस्बनहून आम्ही १४ ला परतलो. म्हणजे दोनच दिवसांत, मला पत्ता लागू न देता, डॉक्टरकडे गेला. हा माणूस! ज्याला साधी कणकण आली तरी मला दहा वेळा कपाळाला हात लावून बघावं लागायचं.

तो गेला, हे आजही त्या मुलीला सांगितलं नाही. तोंडातून निघालंच नाही.


६ नोव्हेंबर, शनिवार

आज कामाला सुट्टी. लिस्बनचे फोटो काढून डायनिंग टेबलवर मांडले. जून महिन्यात लेकीने, ग्लेन्डाने, प्रिंट करून आणले होते, तेव्हा मी भराभर पाहून बाजूला ठेवले होते. आज एकेक बघत बसले. चहा दोनदा थंड झाला.

तिथे काय झालं? काहीतरी झालं. ते मला शोधायचंय. म्हणून तो दिवस आठवेल तसा लिहिते.

सिरील मार्चमध्ये बँकेच्या मेलरूममधून रिटायर झाला. लग्नाला तीस वर्षं झाली होती. मुलं म्हणाली, चला चौघं जाऊ कुठेतरी. सिरील म्हणाला, लिस्बन. संत अंतोन तिथे जन्मला, त्याच्या सणाला जायचं. वसईत, गिरीज गावी, त्याच्या आईच्या घरात संत अंतोनची तसबीर होती, काही हरवलं की ती तिच्यापुढे उभी राहायची. तेवढ्यासाठी! ग्लेन्डाने तिकिटं काढली. मुलगा, रिचर्ड, पश्चिमेकडच्या रेजिना शहरातून आला. तो तिथे सरकारी ऑफिसात कॉम्प्युटरचं काम बघतो, दोन वर्षं झाली.

१२ जून, शनिवार. सणाच्या आदल्या दिवशीच सगळं गाव रस्त्यावर. आम्ही पिवळ्या ट्राममध्ये चढलो. ती चढण चढताना अशी करकरायची की ग्लेन्डा प्रत्येक वळणाला "ओह माय गॉड" म्हणायची. सिरील खिडकीशी. बाहेर पाट्या वाचत होता. लोपीस, परेरा, रॉड्रिग्ज — वसईची सगळी माणसं तिथे दुकानं टाकून बसलेली! मग एका न्हाव्याच्या दुकानावर आमचंच नाव. सिरील ओरडला, "सेलीन, बघ, घोन्सालविस!" शेजारच्या म्हाताऱ्याने ऐकलं आणि त्याने तेच नाव तिसऱ्याच तऱ्हेने म्हणून दाखवलं, नाकातून, शेवटी 'श' लावून. सिरील पुढचे दोन स्टॉप तसंच म्हणत राहिला. वसईत घोन्सालविस, टोरोंटोत गोन्साल्व्ह्ज, इथे हे. "तीन माणसं आहे मी," म्हणाला.

संत अंतोनच्या चर्चजवळ उतरलो. तिथे ही रांग! ऊन कडक. साडेबारा वाजले असतील. सिरील म्हणाला, "तुम्ही दोघी जा आत. मी जरा सावलीत टेकतो." रिचर्ड त्याच्याजवळ थांबला. आम्ही आत गेलो, जिथे संत जन्मला त्या तळघरापर्यंत उतरलो, मेणबत्त्या लावल्या. बाहेर आलो तर दोघं नाहीत.

एक वाजून दहा मिनिटं. ग्लेन्डाने घड्याळ बघितलं होतं म्हणून लक्षात आहे.

फोन चालत नव्हते, रोमिंग बंद ठेवलेलं. तिथल्या पायरीवर बसलो. सगळीकडे निखाऱ्यावर तारल्या भाजत होत्या, त्याचा धूर डोळ्यांत जायचा. इथून तिथून बँड वाजत होते. दोन वाजले. अडीच. ग्लेन्डा म्हणाली, "दे मस्ट बी इन सम बार, मम्मी." मला आधी राग आला, मग भीती वाटली, मग परत राग. तीनला पाच मिनिटं कमी असताना दोघं चालत आले. वरच्या बाजूने, सावकाश. रिचर्डने डॅडीचा दंड धरला होता. मला वाटलं, गर्दी म्हणून धरलाय.

काय झालं होतं? तर कॅमेऱ्याची बॅटरी संपली, दुकान शोधायला गेलो, मिरवणुकीने रस्ता बंद, वाट चुकलो. सिरीलच बोलला हे सगळं. रिचर्ड जमिनीकडे बघत होता.

आणि मी? संतांच्या दारात, एवढ्या लोकांसमोर ओरडले — "तुझ्यामुळे सगळ्यांचा दिवस फुकट गेला!"

तो हसला. म्हणाला, "सॉरी, सेलीन. चल, आता मी जेवायला घालतो सगळ्यांना."

गल्लीत टेबलं मांडली होती, पायाखाली दगड, एक पाय हलणारं टेबल मिळालं. त्याने सगळ्यांसाठी मागवलं. तारल्या, भाजलेल्या मिरच्या, बटाटे, वाईन. पावाच्या तुकड्यावर तारली ठेवायची आणि हाताने खायची, अगदी आपल्यासारखी. ग्लेन्डाने सहा खाल्ल्या. सिरीलने एक घेतली आणि बोटांनी तिचे काटे काढत बसला. प्रत्येक काटा बशीच्या कडेला लावून ठेवला. मी बोलत नव्हते त्याच्याशी. बिल देईपर्यंत बोलले नाही.

संध्याकाळी त्याने मला तुळशीची कुंडी घेतली. तिथे त्या सणाला नवरे-प्रियकर देतात म्हणे, वर कागदाचं फूल खोचलेलं. मी म्हटलं, "हे कॅनडात नेऊ देतील का? उगाच खर्च." तो म्हणाला, "इथे असेपर्यंत तर वास घे."

हॉटेलच्या खिडकीत सोडून आलो ती.

वेटरने जेवताना काढलेला फोटो आहे, चौघांचा. आज नीट पाहिला. मी ओठ आवळून. ग्लेन्डा हसतेय. सिरील कॅमेऱ्याकडे. रिचर्ड कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. तो डॅडीकडे बघतोय, आणि त्याचा चेहरा असा आहे की मी फोटो उलटा करून ठेवला.

पावणेदोन तास.


७ नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर रिचर्डला फोन. उचलला नाही. मेसेज ठेवला. अंत्यविधीनंतर तो दहा दिवस राहिला, तेव्हाही माझ्याबरोबर एका खोलीत पाच मिनिटं बसला नाही. सारखा बाहेर. गवत काप, छपराच्या पन्हळी साफ कर. आता फोन करतो तर "जेवलीस का, घर गरम आहे का" एवढंच. मला वाटायचं मुलगा आहे, दुःख दाखवता येत नाही.

दुपारी बेसमेंटमधून खाकरल्याचा आवाज आला. घर गरम करायची फर्नेस असणार. तरी जिन्यावर उभी राहून "काय रे?" म्हटलं. म्हणून टाकलं, आणि उत्तर येईपर्यंत थांबले.


९ नोव्हेंबर, मंगळवार

गेले. सिरीलच्या अपॉइंटमेंटला.

का गेले माहीत नाही. सकाळी त्याचं हेल्थ कार्ड पर्समध्ये ठेवलं, बस पकडली. दहाला पोचले. वेटिंग रूममध्ये दहा माणसं, सगळी जोडीने. बायका नवऱ्यांचे कोट मांडीवर घेऊन बसलेल्या. मी माझाच कोट मांडीवर घेतला.

दहा वाजून वीस मिनिटांनी नर्स दारात आली. "मिस्टर गोन्साल्व्ह्ज?"

कोणी उठलं नाही.

"सिरील गोन्साल्व्ह्ज?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मीसुद्धा बघितलं! दरवाज्याकडे, मागे. येईल, वॉशरूमला गेला असेल. देवा, खरंच असं वाटलं मला एक क्षण. नर्सने तिसऱ्यांदा नाव घेतलं तेव्हा उठले.

तिने मला आतल्या खोलीत बसवलं, पाणी दिलं. हात धरला. आय ॲम सो सॉरी, सो सॉरी. फार काही सांगता येत नाही म्हणाली, नियम आहेत. पण कागद चाळताना तिच्या तोंडून निघालं की, पोर्तुगालमधला रिपोर्ट आणायला सांगितलं होतं त्यांना.

कसला रिपोर्ट? तिने फाइल मिटली.


११ नोव्हेंबर, गुरुवार

सापडला.

त्याचं कपाट मी अजून उघडलं नव्हतं. आज उघडलं. त्याचा वास आला, तशी दार लावून पलंगावर बसले. परत उघडलं. करड्या जॅकेटच्या आतल्या खिशात, चार घड्या घालून. सगळं पोर्तुगीज. वर कुठल्याशा दवाखान्याचा शिक्का. नाव त्याचं. तारीख १२.०६.२०१०. वेळ १३:२५. मी तेव्हा चर्चच्या पायरीवर बसून त्याला शिव्या घालत होते.

खाली दोन सह्या. एक सिरीलची, वाकडी, त्याची नेहमीची नव्हे.

दुसरी रिचर्डची.


१२ नोव्हेंबर, शुक्रवार

वाचता येत नाही तोवर बरं आहे, असंही वाटतं.


१३ नोव्हेंबर, शनिवार

सबवेने डफरिन, तिथून बस, डंडासला उतरले. तिथे पोर्तुगीज वस्ती आहे. दुकानांच्या पाट्या वाचत चालले. परत तीच नावं! एका बेकरीत शिरले. आत कस्टर्डच्या त्या छोट्या टार्टचा गोड करपट वास. काउंटरवर साठीची बाई, छातीवर फिलोमेना नावाची पट्टी. माझ्या मावशीचं नाव. म्हणून तिलाच विचारलं, एक कागद वाचून द्याल का?

तिने हात पुसले, चष्मा लावला. आधी मनात वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग तिच्या तुटक इंग्लिशमध्ये सांगू लागली. छातीत दुखतं म्हणून आले. डावा हात जड. हृदयाची पट्टी, कार्डिओग्राम, काढली, ती चांगली नाही. डॉक्टर म्हणतो, आत्ता, लगेच, ॲम्ब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलला जा. पेशंट नाही म्हणतो. धोका समजला, म्हणतो. औषध दिलं. कॅनडात आपल्या डॉक्टरांना दाखवतो, म्हणतो. इथे पेशंटची सही. इथे बरोबर आलेल्याची. "फिल्यो," बोट ठेवून म्हणाली. मुलगा.

मागे तीन गिऱ्हाइकं उभी होती. कोणी घाई केली नाही.

तिने कागदाची घडी घालून दिली. म्हणाली, "युअर हजबंड? ही इज ओके नाऊ?"

मी म्हटलं, "येस. ओके नाऊ."

तिने क्रूसाची खूण केली आणि सहा टार्ट बॉक्समध्ये भरून दिले. पैसे घेतले नाहीत. ते टार्ट मी बसस्टॉपच्या बाकावर ठेवले आणि तसेच विसरून आले. की मुद्दाम ठेवले, मला सांगता येणार नाही.


१४ नोव्हेंबर, रविवार

आज रिचर्डने फोन उचलला. दुपारी तीनला. मी नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"१२ जूनचा कागद माझ्या हातात आहे. त्यावर तुझी सही आहे."

पुढेही मीच बोलले. 

"तुला माहीत होतं."

"मम्मी—"

"तुला माहीत होतं, आणि तू माझ्यासमोर बसून तारल्या खाल्ल्यास!"

"डॅडी म्हणाले, डोन्ट टेल हर. ते ऐकतच नव्हते. मी खूप सांगितलं, मम्मी. डॉक्टरने पण सांगितलं. काय करणार होतो? ॲम्ब्युलन्समध्ये उचलून घालणार होतो?"

"हो! उचलून घालायचं! नाहीतर मला बोलवायचं! मला सांगितलं असतंस तर मी एका मिनिटात ओळखलं असतं. बावीस वर्षं सीनियर्स होममध्ये हेच काम करते मी. छाती, हात, जबडा, घाम. झोपेत विचारलं तरी सांगेन. मला सांगितलं असतंस तर आज तो असता!"

 मी थांबायला हवं होतं. थांबले नाही.

"तू मारलंस तुझ्या डॅडींना."

हे शब्द मी बोलले. माझ्या पोटच्या मुलाला. इथे लिहिलेत म्हणजे मला नंतर नाकारता येणार नाहीत.

तो म्हणाला, "ओके, मम्मी." फक्त एवढं. भांडला नाही. रडला नाही. फोनही आधी मीच ठेवला.

घरात इतकं शांत झालं की फ्रिजची घरघर थांबली तेव्हा दचकले. फोटोतली चौघं अजून टेबलवर. मी जेवण बेडरूममध्ये नेऊन जेवले.


१६ नोव्हेंबर, मंगळवार

ड्राइव्हवेमध्ये पाऊल टाकवत नाही. गवतातून जाते. बूट ओले होतात.


१८ नोव्हेंबर, गुरुवार

ग्लेन्डाचा फोन कामावर असताना. "रिची नाताळला येत नाही म्हणतोय. व्हॉट डिड यू से टू हिम?"

म्हटलं, त्यालाच विचार.

"विचारलं. ही वोन्ट टेल मी. तो म्हणतो, मम्मीला काही विचारू नको, तिला त्रास देऊ नको. व्हॉट इज गोइंग ऑन, मम्मी?"

ब्रेक संपला म्हणून फोन ठेवला.


२१ नोव्हेंबर, रविवार

ग्लेन्डा न सांगता आली. हातात सूपचा डबा. टेबलवरचे फोटो बघितले, त्यावरचा कागद बघितला. मी उचलला नव्हता. तिने सह्या पाहिल्या आणि खाली बसली. तिलाही माहीत नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. रडली खूप. मग डोळे पुसून म्हणाली, "म्हणून!"

काय म्हणून?

तिने सांगितलं. उन्हाळाभर रिचर्ड दर रविवारी डॅडींना फोन करायचा. ते फोन घेऊन बागेत जायचे. मला आठवतंय, मला वाटायचं हॉकीच्या गप्पा. ग्लेन्डा एकदा घरी असताना तिने अर्धवट ऐकलं होतं. डॅडी म्हणत होते, नोव्हेंबरची तारीख मिळालीय रे, तोपर्यंत मी ठीक आहे. रिचर्ड पलीकडून ओरडत होता. तिला वाटलं, डोळ्यांचं काही असेल. मोतीबिंदू.

"आणि ते तिकीट, मम्मी! तो तीन तारखेला पोचला ना? तुला वाटलं, बातमी कळली म्हणून लगेच मिळालं तिकीट. नाही. त्याने ऑगस्टमध्येच काढलं होतं. सप्टेंबरातल्या लेबर डेच्या वीकएंडचं. मला तेव्हा म्हणाला, डॅडींना घेऊन कुठेतरी जायचंय. मी म्हटलं फिशिंग? तर म्हणाला, समथिंग लाइक दॅट."

इमर्जन्सीत न्यायला येणार होता. उचलून. एका दिवसाने चुकला.

ग्लेन्डाने विचारलं, "तू काय म्हणालीस त्याला?"

मी सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या अनोळखी बाईकडे बघतात. सूप गरम करून दिलं, पण बसली नाही. दारात बूट घालताना म्हणाली, "ही हॅज लॉस्ट सो मच वेट, मम्मी. कामावरही जात नाहीये. यू हॅव टू कॉल हिम."

गाडी गेल्यावर खिडकीशी उभी राहिले. तिथून ड्राइव्हवे दिसतो. बर्फ भुरभुरत होतं, आणि डबा ठेवायची जागा तेवढी काळी राहिली होती. बराच वेळ काळी राहिली.


२२ नोव्हेंबर, सोमवार

फोन केला नाही.


२३ नोव्हेंबर, मंगळवार

फोन हातात घेतला. दहा आकड्यांपैकी नऊ दाबले.


२५ नोव्हेंबर, गुरुवार

आज कामावर. मिसेस डॉयल, ब्याण्णव वर्षांची, रोज काहीतरी दुखतंच तिचं. तिला अंघोळीनंतर कपडे घालत होते. म्हणाली, "सेलीन डिअर, छातीत जळजळतंय जरा." मी एक सेकंद थांबले नाही. बेल दाबली, तिला टेकवून बसवलं, नाडी धरली, नर्सला ओरडून बोलावलं. वीस मिनिटांनी कळलं, गॅस होता. नाश्त्याला सॉसेज खाल्लेलं.

सगळ्या हसल्या. सुपरवायझर सर्वांसमोर म्हणाली, असंच करायचं, आधी समजायचं हार्ट, मग बाकी काही. सेलीनकडून शिका.

मी चादरींच्या खोलीत गेले, दार लावलं आणि धुतलेल्या टॉवेलांच्या ढिगावर बसून राहिले. एकच टॉवेल उलगडत आणि परत घडी घालत राहिले. ते मिसेस डॉयलमुळे नव्हतं.

ही वही मी फक्त माझ्यासाठी लिहिते. कोणी वाचणार नाही. तरी या वहीतसुद्धा मी एक गोष्ट लिहिलेली नाही. ६ तारखेला तो दिवस लिहायला बसले आणि ट्राममध्ये चढण्यापासून सुरू केलं. दिवस काय ट्राममध्ये उगवतो?

सिरील, असा बघू नको माझ्याकडे.


२७ नोव्हेंबर, शनिवार

कन्फेशनला गेले. रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे एकच माणूस उरला तेव्हा बाहेर पडले. फादरना सांगून काय होणार? ज्याला सांगायचं तो रेजिनात आहे.


२८ नोव्हेंबर, रविवार

मिस्सा झाल्यावर चर्चच्या पार्किंगमधूनच फोन लावला. घरी पोचेपर्यंत परत गिळलं असतं. रिचर्डने उचलला. एका दमात सांगितलं. १२ जूनला सकाळी, हॉटेलात, बुटाची नाडी बांधता बांधता डॅडी मला म्हणाले होते, सेलीन, छातीत भरून आल्यासारखं वाटतंय, हातही जड झालाय. मी आरशासमोर केस विंचरत होते. वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हटलं, ॲसिडिटी आहे, काल किती खाल्लंस! चल, उशीर होतोय.

 मग तो म्हणाला, "आय नो, मम्मी. डॅडींनी मला दवाखान्यात जाताना टॅक्सीत सांगितलं होतं. म्हणाले, सकाळी ती असं बोलून गेली, आता तिला हे कधी कळू देऊ नको. ती स्वतःला माफ करणार नाही."

पहिल्या दिवसापासून माहीत होतं त्याला!

मी म्हटलं, मी येते तिकडे.

म्हणाला, "इथे खूप थंडी आहे, मम्मी. जाड कोट घेऊन ये."